काउंटरवर कोण बसणार?

मुंबई–गोवा महामार्गावरचं सावर्डे हे बाजाराचं आणि काताच्या भट्ट्यांचं गाव. पण सकाळी एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की पिशवीवाल्यांपेक्षा दप्तरवाली पोरंच जास्त दिसतात. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयं, फार्मसी, शिल्प आणि चित्रकलेचं महाविद्यालय, मांडकी-पालवणला कृषी महाविद्यालय, डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय. इतक्या विद्याशाखा चार-दोन कोसांत असलेली गावं कोकणात फार नाहीत. प्रत्येक ठिकाणी पुस्तकांची कपाटं आहेत आणि आता त्या कपाटांच्या जोडीला पडद्यावर उघडणारं दुसरं ग्रंथालयही आहे.

या दुसऱ्या ग्रंथालयावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. माझे थोरले बंधू मुंबईत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर होते. निवृत्त होऊन गावी आले. माझी मुलगी याच परिसरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. घरबसल्या नियतकालिकं वाचण्याची लॉगिनची पद्धत बदलली, तिने त्याची सूचना लिहायला घेतली आणि तिथून बोलणं सुरू झालं. ते जसं झालं तसं मांडतो. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काका : मला एवढंच सांग बाय, गेल्या महिन्यात तुझ्याकडून किती पुस्तकं बाहेर गेली?

पुतणी : पूर्वीपेक्षा कमी. पण नुसत्या देवघेवीवरून आता मोजता येत नाही, काका. मुलगा रात्री अकरा वाजता कोंडमळ्याला घरी बसून एखादा लेख उघडतो, त्याची नोंद तुमच्या तारखेच्या शिक्क्यात कुठे येणार?

काका : उघडतो, की उघडू शकतो? दोन्हींत फरक आहे. माझ्या काउंटरवर पुस्तक गेलं की ते गेलं. परत आलं की पानं बघून कळायचं, वाचलंय की नुसतं घरी ठेवलं होतं.

पुतणी : मान्य. पण तुमच्या काउंटरमागे मुंबई होती. आमच्याकडे नाही म्हटल्यावर तुम्ही त्या मुलाला काय सांगायचात?

काका : फोर्टला जा म्हणायचो. राजाबाई टॉवरखाली विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, नाहीतर कालिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. प्राचार्यांचं पत्र घेऊन लोकलने तासाभरात पोचायचा.

पुतणी : सावर्ड्याचा मुलगाही त्याच मुंबई विद्यापीठाची फी भरत आला. त्याच्यापासून राजाबाई टॉवर अडीचशे किलोमीटर. टॉवर १८७८ ला पुरा झाला. त्यानंतरच्या किती पिढ्यांतली किती कोकणी मुलं त्या ग्रंथालयाची पायरी चढली असतील? पदवी विद्यापीठाची, आणि पुस्तकं आपल्या कॉलेजच्या दोन खोल्यांत असतील तेवढीच. हे अंतर पहिल्यांदा कशाने तुटलं असेल तर या पडद्याने तुटलं. मी त्याच्या बाजूने बोलते ते नव्याची हौस म्हणून नव्हे.

हे तिचं म्हणणं मला पटतं. आम्ही शिकलो तेव्हा संदर्भग्रंथांची यादी पाठ करायचो आणि त्यातलं एकही पुस्तक हातात घेतलेलं नसायचं. उत्तरपत्रिकेत नाव लिहिलं की भागायचं.

काका : अंतर तुटलं म्हणतेस, मग एक उदाहरण दे. हवेतलं नको.

पुतणी : कात घ्या. इथलाच धंदा. फार्मसीला शिकणारी ओळखीतली एक मुलगी प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. वडील भट्टीवर कामाला. खैराचा गाभा तासून त्याच्या ढलप्या उकळायच्या, काढा आटवायचा, थंड करायचा, मग जे स्फटिक धरतात तो पानात खायचा कात, आणि खाली राहतं ते रंगवायला, कातडी कमवायला. हे सगळं तिला तोंडपाठ. पण प्रकल्पात 'माझे वडील सांगतात' असं लिहून चालत नाही, कुठे छापलंय ते दाखवावं लागतं. कपाटातल्या औषधशास्त्राच्या पुस्तकात कातावर पान-दीड पान.

काका : मग पडद्यावर?

पुतणी : पडद्यावर आधी काहीच नाही. तिने 'कात' टाकलं, दुकानांच्या जाहिराती आल्या. इंग्रजीतलं 'कॅटेचू' टाकलं तर इतकं आलं की ती घाबरली. त्यातलं बरंचसं आपल्या खैराचं नव्हतंच. 'पेल कॅटेचू' म्हणतात ते गँबिर नावाच्या वेगळ्याच वनस्पतीचं. आपला तो 'ब्लॅक कॅटेचू'. शिवाय खैराचं शास्त्रीय नाव बदललंय. जुने लेख 'अकेशिया कॅटेचू'खाली, नवे 'सेनेगालिया कॅटेचू'खाली. दोन्ही नावांनी शोधलं तेव्हा कॅटेचिनवरचे, सालीच्या आणि गाभ्याच्या गुणधर्मांवरचे लेख हाती लागले. मग तिला कृषिकोश दाखवला. कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवलेले असतात. दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचेही आहेत, वनशास्त्राचेही. आपल्याच मातीतल्या खैरावर आपल्याच जिल्ह्यात झालेलं काम तिने पहिल्यांदा वाचलं. ते पाहायला पूर्वी दापोलीला जावं लागलं असतं, आणि गेल्यावर कपाट उघडून देणारा माणूस जाग्यावर भेटायला हवा.

काका : चांगलं झालं. पण आता माझं ऐक. तो लेख तिला कुणी मिळवून दिला? पडद्याने की तू?

पुतणी : दोघांनी.

काका : तू नसतीस तर जाहिराती बघून ती घरी गेली असती. मीही हेच म्हणतोय. तुम्ही लोक 'सेवा ऑनलाइन झाली' म्हणता आणि ते ऐकून वरची मंडळी म्हणतात, मग माणूस कशाला? माझ्या वेळी काउंटरवर दोघं, आत पुस्तकं लावायला दोघं, वर ग्रंथपाल. आता तू एकटी आणि एक परिचर. तोही परीक्षा आली की दुसऱ्या कामाला.

इथे माझी मुलगी गप्प झाली. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही आणि एखाद्या प्राध्यापकाकडे 'प्रभारी' म्हणून किल्ल्या दिल्या जातात, हे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आता इतकं नित्याचं झालंय की त्यावर कुणी आवाजही उठवत नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाच्या वेळेबद्दल आहे. त्या मुलीचा वेळ ज्याने वाचवला ते काम यंत्राच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

काका : दुसरं. पुस्तक विकत घेतलं की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो आणि ते आपलं होतं. तुमचं हे सगळं भाड्याचं. वर्गणी थांबली की कपाट रिकामं.

पुतणी : पुष्कळसं भाड्याचं, खरंय. सगळं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा फुकट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध त्यावर. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून सगळ्यांना खुलं. मराठी विश्वकोश पूर्ण खुला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं उतरवून घेता येतात. १८८० चं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर, ज्याची मूळ प्रत तुम्ही मुंबईत कुलूपबंद कपाटात पाहिली असेल, ते कुणीही फोनवर वाचू शकतं. आपल्या कला महाविद्यालयातल्या मुलांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं शिल्प बारकाईने बघायचं तर त्या संग्रहालयाने २०१७ मध्येच पावणेचार लाख प्रतिमा मोफत मोकळ्या करून ठेवल्यात.

काका : आणि भाड्याचं?

पुतणी : ते मोठ्या प्रकाशकांचं. त्यासाठीच केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी, जानेवारी २०२५ पासून सुरू. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं.

काका : सहा हजार कोटी! किती मुलांसाठी?

पुतणी : साधारण ६,३०० संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक, संशोधक. म्हणजे माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास पडतं. महाग म्हणता येणार नाही.

काका : यात सावर्डे किती?

पुतणी : तिथेच अडतं. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था घेतल्यात. आपल्याकडची महाविद्यालयं शिक्षण संस्थांनी आणि न्यासांनी काढलेली.

काका : म्हणजे सगळ्या राष्ट्राची वर्गणी, पण राष्ट्रात आपण नाही.

पुतणी : जुनी सोय आहे, महाविद्यालयांना नियतकालिकं वाचू देणारी एन-लिस्ट. २०१० पासूनची. अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांना वर्षाला सहा हजारांच्या आत पडत आली. गरिबाच्या कॉलेजसाठी याहून मोलाची योजना मी पाहिली नाही. पण तीही फार्मसी, वैद्यकीय, कृषी, अभियांत्रिकी यांच्यासाठी नव्हे. त्यांनी आपापली सोय बघायची.

काका : मग एकाच गाडीने येणाऱ्या दोन भावंडांत एकाला दार उघडं, एकाला बंद?

पुतणी : या एन-लिस्टच्या दाराबद्दल बोलायचं तर, हो.

यावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षण खेड्यापर्यंत आलं ते सरकारी महाविद्यालयांतून फार थोडं. ते आलं गावोगावच्या शिक्षण संस्थांतून. सावर्ड्याला गोविंदराव निकमांनी, साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी, अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी लोकांकडून पैसा, जमीन, श्रम गोळा करून हे उभं केलं. सरकारने जिथे स्वतः कॉलेज काढलं नाही तिथेच हे काम झालं, आणि आता वर्गणी वाटताना संस्था कुणाच्या मालकीची हे पाहिलं जातं. मालक कुणीही असो, वाचणारा मुलगा इथल्या आगव्याचा किंवा वहाळचाच असतो. त्या वर्गणीत त्याच्या बापाच्या कराचाही पैसा आहे. पुढच्या टप्प्यात हे सुधारायलाच हवं.

काका : मग पोरं काय करतात? मी ऐकतो, चोरून उतरवतात.

पुतणी : उतरवतात. फुकट लेख उतरवून देणारं साय-हब हे संकेतस्थळ माहीत नसलेला संशोधक मला भेटलेला नाही. मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याच्यावर दावा लावला होता. मी मुलांना ती वाट दाखवत नाही. लेखकालाच पत्र लिहा म्हणून सांगते. नम्रपणे मागितलं तर बरेच लेखक आपला लेख पाठवून देतात. काताच्या प्रकल्पवाल्या त्या मुलीलाही एक तसाच मिळाला.

काका : हे बरं सुचवलंस. आता पुराच्या पाण्याचं बोलू. तुझं ते सर्व्हरवर असतं, बुडत नाही, असं तू मागे म्हणालीस.

पुतणी : म्हणाले होते. चिपळूणचं वाचन मंदिर डोळ्यांसमोर होतं.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. इथून अर्ध्या तासावर. २००५ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी त्यात शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. लोकांनी पुन्हा पुस्तकं गोळा केली, ग्रंथालय उभं राहिलं, २०१३ मध्ये चिपळुणात साहित्य संमेलन भरलं तेव्हा गावाने अभिमानाने पाहुण्यांना ते दाखवलं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा पूर. भिजलेलं पुस्तक ज्याने हातात घेतलंय त्याला ठाऊक असेल: पानं आधी फुगतात, पुठ्ठ्याची बांधणी सुटते, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं की अक्षरांसकट निघतात. दोन दिवसांत बुरशी धरते. पावसाळ्यात वाळवायचं कुठे?

काका : २०२१ च्या पुराच्या त्या आठवड्यात तुझा सर्व्हर कुठे होता?

पुतणी : इन्फ्लिबनेटचा सर्व्हर गांधीनगरला सुखरूप होता. आपल्याकडे वीज नव्हती, टॉवर बंद होते. किती दिवस फोनच लागत नव्हता.

काका : म्हणजे पुस्तक बुडालं आणि पडदा विझला. दोन्ही गेलं.

पुतणी : दोन्ही गेलं, पण एक परत आलं काका. वीज आली त्या दिवशी शोधगंगा होतं तसंच होतं, एक पान कमी नाही. वाचन मंदिरातली जी दुर्मीळ पुस्तकं गेली ती कुठून आणणार? म्हणून मी म्हणते, आपल्या जवळचं जे दुसऱ्या कुणाकडे नाही, ते आधी स्कॅन करा. गावच्या संस्थेचे जुने अहवाल, हस्तलिखितं, स्थानिक नियतकालिकांचे बांधलेले अंक. तेरा हजार परदेशी नियतकालिकांची काळजी जग घेईल. चिपळूण-सावर्ड्याचा जुना कागद आपण नाही जपला तर कुणी जपणार नाही.

यावर दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे काढलं ते मला सगळ्या बोलण्यातलं सर्वांत वजनदार वाटतं.

काका : हे सगळं संशोधन करणाऱ्यांचं झालं. तुझ्याकडे येणाऱ्या दहांतली किती मुलं संशोधन करतात? बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची पोरगी. मराठीतून पेपर लिहिणार. तिला तेरा हजार नियतकालिकं नकोत. तिला नेमलेली कादंबरी हवी आणि अर्थशास्त्राचं एक पुस्तक हवं. वर्गात साठ जणी, पुस्तकाच्या प्रती चार. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस त्या चार प्रतींसाठी भांडणं. हे तुझ्या कुठल्या पासवर्डने सुटतं?

पुतणी : सुटत नाही. पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या मराठी प्रकाशकांची क्रमिक पुस्तकं महाविद्यालयांना ई-पुस्तक म्हणून जवळजवळ मिळतच नाहीत.

काका : आणि तुमचा पैसा?

पुतणी : पुस्तकांच्या खरेदीची तरतूद कमी होते आणि कारण दिलं जातं की आता सगळं ऑनलाइन आहे. हे मात्र चूक आहे. मी कुणापुढेही म्हणेन. एका मुलीला इंग्रजी लेख मोफत मिळाला म्हणून दुसरीची मराठी कादंबरी बंद करता येत नाही.

काका : मग आपलं भांडण कशावर आहे?

पुतणी : या सूचनेवर. वाचा.

तिने लिहिलेली सूचना इंग्रजीत होती, वरून आलेल्या पत्राची जवळजवळ नक्कल. दूरस्थ प्रवेश नव्या मंचावर स्थलांतरित झाला आहे, वापरकर्त्यांनी आपली ओळख संस्थेच्या खात्यामार्फत प्रमाणित करावी, असा तिचा आशय. दादांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

काका : हे कुणासाठी लिहिलंयस?

पुतणी : विद्यार्थ्यांसाठी.

काका : मला कळलं नाही. मी जन्मभर ग्रंथालयात होतो. सोमवारी पोराने जुना पासवर्ड टाकला, चाललं नाही, तर त्याला काय वाटेल? आपलंच काहीतरी चुकलं, किंवा हे आपल्यासाठी नाहीच. खेड्यातलं पोर विचारायला येत नाही बाय. ते गप्प परत जातं. तुझ्या सेवेतला बदल तुझ्यासाठी बदल. त्याच्यासाठी दार बंद झालं.

तिने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं. दादा सांगत होते, ती खोडत होती. शेवटी झालं ते असं:

'सोमवारपासून घरून वाचण्याचा जुना पासवर्ड चालणार नाही. यात तुमची काही चूक नाही. नवा पासवर्ड घेण्यासाठी आयकार्ड घेऊन काउंटरवर या, पाच मिनिटं लागतील. पैसे लागत नाहीत. स्वतःचा फोन नसेल तर ग्रंथालयातल्या संगणकावर वाचता येईल. काय शोधायचं ते मराठीत सांगितलंत तरी चालेल, आम्ही शोधून देऊ. एसटी लवकर असेल तर मधल्या सुट्टीत या.'

काका : 'आम्ही' कोण?

पुतणी : म्हणजे?

काका : मधल्या सुट्टीत चाळीस पोरं आली तर एका बाजूला देवघेव, एका बाजूला पासवर्ड, आणि कुणी काताबद्दल विचारलं तर दोन्ही नावांनी शोधून देणार कोण? 'आम्ही' लिहिलंयस. माणूस एकच आहे.

पुतणी : परवा ग्रंथालय समितीची बैठक आहे. मागण्या लिहून द्यायच्यात. एक, औषधशास्त्राच्या आणि विज्ञानाच्या नियतकालिकांसाठी आसपासच्या महाविद्यालयांनी मिळून वर्गणी भरावी. दोन, दुसऱ्या परिचराचं रिकामं पद भरावं आणि काउंटरवर आणखी एक प्रशिक्षित माणूस द्यावा. तीन, मराठी क्रमिक पुस्तकांच्या प्रती वाढवाव्यात.

काका : क्रम बदल. दोन नंबरचं आधी लिही.

पुतणी : आधी माणूस मागितला तर बैठक तिथेच संपेल, काका. पैसा नाही म्हणतील.

काका : म्हणू देत. इतिवृत्तात नोंद तर होईल, की पहिली मागणी माणसाची होती.